सभासद कोण? अपंग मुलांच्या एका क्लबाचा इतिहास आणि आठवणी

'गिल्ड ऑफ द ब्रेव्ह पुअर थिंग्ज' हा अपंग आणि गरीब मुलांचा क्लब १८९४ मध्ये लंडनमध्ये सुरू झाला. नावाचा ढोबळ अर्थ 'शूर बिचाऱ्यांचा संघ'. आजच्या कानांना हे नाव बोचते आणि पुढे ते खुद्द संघालाही बोचू लागले. असे असले तरी अपंगांच्या इतिहासात या संघाची जागा पक्की आहे, कारण त्याने अपंग मुलाचे नाव सभासद म्हणून पटावर घातले. तोवर अशा मुलाचे नाव इस्पितळाच्या केसपेपरवर किंवा धर्मादाय संस्थेच्या मदत-वहीत येत असे. एखाद्या मंडळाचा सभासद म्हणून ते क्वचितच लागे. संघाचे पुढे काय झाले, त्यातून कोणत्या संस्था निघाल्या आणि त्या संस्थांत वाढलेल्या मुलांनी मोठेपणी काय सांगितले, हा सारा इतिहास समजून घेताना एकच प्रश्न हाताशी ठेवावा: क्लबात सभासद कोण होते?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या कामगार वस्त्यांत अपंग मुले फार होती आणि त्यामागची कारणे गल्लीतच सापडत. हाडांचा आणि सांध्यांचा क्षय हे त्यांतले सर्वांत मोठे कारण. क्षयी गाईचे न उकळलेले दूध पोटात गेले की रोग लहान मुलाच्या कण्यात, खुब्यात किंवा गुडघ्यात घर करी. कण्याला लागला तर पाठ वाकून कुबड येई, खुब्याला लागला तर एक पाय आखूड राही. दुसरे कारण मुडदूस. धुरकट आकाश, अंधाऱ्या खोल्या आणि निकस खाणे यांमुळे हाडे मऊ पडत, पाय धनुष्यासारखे वाकत. शिवाय पोलिओ, भाजणे, घोडागाडीखाली येणे हे होतेच. औषध म्हणजे मुख्यतः विश्रांती. कण्याचा क्षय झालेल्या मुलाला महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे सपाट फळीवर उताणे निजवून ठेवत. श्रीमंताच्या घरी त्यासाठी वेताची लांब गाडी असे, बागेत फिरवणारी दाई असे. गरिबाच्या घरी हेच मूल एका खोलीत, भावंडांच्या गर्दीत आणि आईच्या शिवणकामाच्या पसाऱ्यात पडून राही. खोली तिसऱ्या मजल्यावर असली तर त्याला खाली आणायला एक धडधाकट माणूस लागे, आणि घरातली धडधाकट माणसे दिवसभर कामावर. जिना हा या मुलांचा सर्वांत मोठा शत्रू होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

शाळेचेही तसेच. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने सार्वजनिक प्राथमिक शाळा आल्या आणि १८८० पासून हजेरी सक्तीची झाली. सक्ती झाली ती चालू-फिरू शकणाऱ्या मुलांपुरती. अंध आणि मूकबधिर मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारने १८९३ च्या कायद्याने उचलली. शरीराने अपंग असलेल्यांचा विचार १८९९ च्या कायद्यात आला, पण त्यातही स्थानिक मंडळांना 'वाटल्यास शाळा काढा' एवढीच मुभा होती. ते बंधन व्हायला १९१८ साल उजाडले. म्हणजे १८९४ मध्ये कुबड्या घेऊन चालणारे दहा वर्षांचे मूल सरकारच्या लेखी जवळपास कोणीच नव्हते. त्याला अभ्यास नव्हता, त्यामुळे वर्ग नव्हता आणि वर्ग नाही म्हणून वर्गमित्रही नव्हते. शिक्षणाचा तोटा सगळ्यांच्या लक्षात येतो. सोबतीचा तोटा सरकारी अहवालांत मोजलेला दिसत नाही, पण संघ उभा राहिला तो मुख्यतः या दुसऱ्या तोट्यावर.

संघाची संस्थापक ग्रेस हॅनम ही ससेक्समधल्या लुईस गावच्या कापड-दुकानदाराची मुलगी. जन्म १८७०. तरुणपणी ती लंडनच्या वेस्ट लंडन मिशनमध्ये आली. मेथडिस्ट पंथाच्या या मिशनमध्ये कॅथरिन प्राइस ह्यूज यांनी 'सिस्टर्स ऑफ द पीपल' नावाचे पथक उभारले होते. अविवाहित शिकलेल्या मुलींनी गरीब वस्तीत घरोघर जावे, आजाऱ्यांची विचारपूस करावी, मुलींचे वर्ग चालवावेत, असे त्याचे काम. याच पथकात एमेलिन पेथिक होती, जी पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात पेथिक-लॉरेन्स या नावाने गाजली, आणि मेरी नील होती, जिने इंग्लिश लोकनृत्यांचे पुनरुज्जीवन केले. एका छोट्या पथकातून एवढी कर्तबगार माणसे निघाली, यावरून त्या काळच्या शिकलेल्या मुलींना घराबाहेर पडायला किती कमी दारे उघडी होती, हेही कळते. या मंडळींत सिस्टर ग्रेस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हॅनमने घरोघरच्या फेऱ्यांत घरात अडकून पडलेली ही अपंग मुले पाहिली आणि त्यांना एकत्र आणायचे ठरवले.

संघाचे नाव, त्याचे ब्रीद आणि त्याचे गीत हे तिन्ही एका बालकादंबरीतून आले. ज्युलियाना होरेशिया यूइंग या लेखिकेची 'द स्टोरी ऑफ अ शॉर्ट लाइफ' ही कथा आधी १८८२ मध्ये मासिकातून आणि मग १८८५ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. लेखिकेचा नवरा सैन्यात होता आणि ती काही वर्षे ऑल्डरशॉटच्या छावणीत राहिली होती, त्यामुळे कथेतली छावणी खरी वाटते. कथेचा नायक लेनर्ड हा एका खानदानी घरातला मुलगा. लष्करी संचलनाच्या वेळी आपल्या कुत्र्याला वाचवायला जाताना तो जायबंदी होतो आणि अंथरुणाला खिळतो. चिडचिडा, हट्टी झालेला हा मुलगा हळूहळू सैनिकाप्रमाणे दुखणे सोसायला शिकतो. अपंग असूनही धीराने जगलेल्या माणसांची नावे तो एका वहीत लिहून ठेवतो आणि त्यांना 'शूर बिचारे' म्हणतो. घराण्याचे लॅटिन ब्रीद असते 'लेटस सॉर्टे मेआ', म्हणजे 'माझ्या वाट्याला आले त्यात मी सुखी'. शेवटी मुलगा मरतो आणि त्याच्या इच्छेप्रमाणे बाहेर सैनिक त्याचे आवडते युद्धस्तोत्र गातात.

ही कथा आज वाचवत नाही. पण व्हिक्टोरियन वाचकांना तिने रडवले आणि सिस्टर ग्रेसला तिच्यात एक उपयोगी गोष्ट दिसली: वही. लेनर्डची काल्पनिक वही तिने खऱ्या पटात उतरवली. संघाचे ब्रीदही तेच ठेवले आणि स्तोत्रही तेच. फरक एवढाच की कादंबरीतल्या मुलाला वाडा होता, नोकर होते आणि कुत्रा होता. संघातली मुले एका खोलीत पाच-सहा जणांसोबत राहणारी होती. 'वाट्याला आले त्यात सुखी' हे वाक्य वाड्यात म्हणणे आणि गळक्या खोलीत म्हणणे यांत जे अंतर आहे, ते त्या काळच्या परोपकारी मंडळींना सहसा दिसले नाही.

संघाचे काम लवकरच टेम्सच्या दक्षिण काठावरच्या बर्मंडसी भागात गेले. तिथे जॉन स्कॉट लिजेट यांनी 'बर्मंडसी सेटलमेंट' सुरू केले होते. सेटलमेंट म्हणजे विद्यापीठात शिकलेल्या तरुणांनी गरीब वस्तीतच घर करून राहायचे आणि तिथूनच वर्ग, वाचनालय, दवाखाना, क्लब चालवायचे. बर्मंडसीत कातडी कमावण्याचे कारखाने होते, बिस्किटांचे आणि मुरंब्यांचे कारखाने होते, गोद्या होत्या. भिजलेल्या कातड्याचा उग्र दर्प आणि शिजणाऱ्या फळांचा गोड वास एकाच गल्लीत येई.

आठवड्याची बैठक हा संघाचा गाभा. मुले कुबड्यांवर येत, कोणाला मोठी बहीण ढकलगाडीत घालून आणी, कोणाला शेजारचा माणूस पाठीवर घेऊन येई. स्तोत्र म्हटले जाई, ब्रीद म्हटले जाई. मग गाणी, खेळ, गोष्टी, हस्तकला, चहा. सभासदत्व अपंगांसाठी होते आणि धडधाकट माणसे मदतनीस म्हणून येत. नेहमीच्या जगातली मांडणी त्या दोन-तीन तासांपुरती उलटी होई: इथे कुबडी ही आत येण्याची ओळख होती आणि बिनकुबडीचा माणूस पाहुणा होता. मुलाच्या दृष्टीने यात दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली म्हणजे आपल्यासारखे दुसरे कोणी आहे हे डोळ्यांनी पाहणे. घरात आणि गल्लीत तो एकटाच लंगडा असतो, त्यामुळे आपले लंगडेपण हे फक्त आपलेच आहे असे त्याला वाटते. दुसरी म्हणजे येण्याचा वार ठरलेला असणे. ज्या मुलाचे सगळे दिवस सारखेच, त्याला आठवड्यातला एक वार वेगळा मिळाला की उरलेले सहा मोजायचे निमित्त होते. ब्रीदापेक्षा हा वार जास्त मोलाचा होता, असे म्हणायला हरकत नाही.

अपंग मुलांपुरते न थांबता सिस्टर ग्रेसने वस्तीतल्या सगळ्याच मुलांसाठी 'गिल्ड ऑफ प्ले' काढले. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांना जुनी इंग्लिश लोकनृत्ये, मे महिन्याचा खांब-नाच, सणांचे खेळ शिकवायचे, अशी त्याची कल्पना होती. यावर तिने लिहिलेले नृत्य-उत्सवांचे पुस्तक १९०७ मध्ये निघाले. १८९७ मध्ये तिने डॉ. चार्ल्स किमिन्स या शिक्षणाधिकाऱ्याशी लग्न केले आणि पुढे ती ग्रेस किमिन्स म्हणूनच ओळखली गेली.

संघ एकटा नव्हता. १८८८ मध्ये 'इन्व्हॅलिड चिल्ड्रन्स एड असोसिएशन' ही संस्था निघाली होती. तिचे स्वयंसेवक आजारी मुलांच्या घरी जात, वेताच्या लांब गाड्या उसन्या देत, हवापालटाची सोय करत. १८९९ मध्ये कादंबरीकार मेरी वॉर्ड, ज्या मिसेस हम्फ्री वॉर्ड या नावाने लिहीत, यांनी ब्लूम्सबरीतल्या टॅव्हिस्टॉक प्लेसच्या पासमोर एडवर्ड्स सेटलमेंटमध्ये अपंग मुलांची दिवसाची शाळा उघडली. शिक्षिका लंडन स्कूल बोर्डाची, जागा आणि नर्स सेटलमेंटची. या शाळेची खरी कल्पकता होती तिच्या गाडीत. नर्सला सोबत घेऊन घोड्यांची गाडी सकाळी घरोघर जाई, मुलांना उचलून आणी आणि संध्याकाळी पोचवी. जिन्याचा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी व्यवस्थेचा प्रश्न म्हणून सोडवला. दुपारचे जेवण शाळेतच असे आणि पोटात नीट अन्न जाऊ लागल्यावर मुलांची तब्येत सुधारते, हे तिथे उघड दिसू लागले. मुलाला सोसायला शिकवणे आणि मुलाला दूध-अंडी देणे, या दोन मार्गांतला दुसरा जास्त गुणकारी निघाला, यात नवल नाही.

लंडनबाहेर संघाच्या शाखा निघाल्या, त्यांत ब्रिस्टलची शाखा सर्वांत भक्कम. ती एडा व्हॅचेल या बाईंनी उभारली. लहानपणी आलेल्या तापाने त्यांना स्वतःला कमी ऐकू येत असे. ब्रिस्टलच्या शाखेने १९१३ मध्ये ब्रॅग्ज लेनवर स्वतःची इमारत बांधली. सभागृह, हस्तकलांच्या खोल्या, कामाच्या जागा, असे सगळे अपंग माणसाला वावरता येईल या हिशोबाने आखलेली ही इमारत. खास अपंगांच्या वापरासाठी बांधलेल्या इंग्लंडमधल्या अगदी पहिल्या वास्तूंत तिची गणना होते आणि आज ती संरक्षित यादीत आहे. त्या काळी अपंगांसाठी इमारत म्हणजे इस्पितळ किंवा वर्कहाउस, म्हणजे निराधारांना राबवून घेणारे आश्रयगृह. जिथे उपचार घ्यायचे नाहीत आणि राबायचेही नाही, नुसते जमायचे, अशी जागा अपंगांसाठी असणे ही मोठी उडी होती. शाखेने खेड्यात सुट्टीचे घरही चालवले. व्हॅचेल १९२३ मध्ये वारल्या. पुढे या शाखेने जुने नाव टाकून दिले आणि ती नव्या नावाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालली.

लंडनच्या संघाची वाट मात्र दुसरीकडे वळली. आठवड्यातून एक दिवस भेटून मुलाचे पोट पुढे भरणार नाही, त्याला हाताला धंदा हवा, असे किमिन्सबाईंना वाटू लागले. १९०३ मध्ये अ‍ॅलिस रेनी या मैत्रिणीसोबत त्यांनी लंडनमधले सात मुलगे ससेक्समधल्या चेली गावी नेले आणि एका पडीक वर्कहाउसमध्ये निवासी शाळा सुरू केली. हीच 'हेरिटेज क्राफ्ट स्कूल', म्हणजे पुढचे 'चेली हेरिटेज'. सुतारकाम, चांभारकाम, खेळणी बनवणे असे धंदे शिकवले जात आणि मोकळ्या हवेवर मोठी भिस्त होती. क्षयावर औषध नसलेल्या त्या काळात हवा, ऊन आणि अन्न हीच औषधे होती. दारे-खिडक्या सताड उघड्या, मुले व्हरांड्यात झोपलेली, असे चित्र चेलीतच नव्हे तर श्रॉपशरमध्ये अ‍ॅग्नेस हंट यांनी १९०० मध्ये सुरू केलेल्या बासचर्चच्या अपंग मुलांच्या घरातही होते. अ‍ॅग्नेस हंट स्वतः खुब्याच्या दुखण्याने अपंग होत्या.

क्लबातून शाळा झाली आणि शाळेबरोबर शिस्त आली. चेलीत किमिन्सबाईंना 'कमांडंट' म्हणत. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी सैनिक आणले गेले. हात-पाय गमावलेल्या या सैनिकांसमोर मुलांचे उदाहरण ठेवले गेले: जन्मभर अपंग असलेला बारा वर्षांचा मुलगा रंधा चालवतो, मग तुम्ही का खचता? ज्या मुलांना कालपर्यंत 'सैनिकासारखे सोसा' असे सांगितले जाई, तीच मुले आता सैनिकांना धडे देऊ लागली. या प्रकाराची त्या वेळी वाहवा झाली. त्यात मुलांचा आत्मविश्वास वाढला असेल, हे खरे. पण मुलांचा उपयोग देखाव्यासारखा झाला, हेही तितकेच खरे. जखमी सैनिकाला धंदा शिकवून उभे करण्याची कल्पना त्या युद्धात सर्वत्र पसरली. मुंबईत १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांनी अपंग हिंदी सैनिकांसाठी 'क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल' काढले, ते याच लाटेतले. ते पुढे पुण्याजवळ खडकीला हलले आणि आजही तिथे आहे.

या सगळ्याला समांतर एक वेगळा प्रवाह वाहत होता. अंध कामगारांनी आपली 'नॅशनल लीग ऑफ द ब्लाइंड' ही संघटना बांधली आणि १८९९ मध्ये ती ट्रेड युनियन म्हणून नोंदवली. १९२० मध्ये अंध कामगार वेगवेगळ्या शहरांतून लंडनवर चालत गेले आणि त्यांच्या फलकावर दान नको, न्याय द्या, अशी मागणी होती. त्याच वर्षी अंध व्यक्तींचा कायदा झाला. किमिन्सबाईंचा संघ आणि ही लीग एकाच दशकात जन्मली. दोघांकडेही पट होता, सभासद होते. संघात सभासद गात होते, लीगमध्ये मागत होते. लीगचे सभासद पगारासाठी भांडणारी मोठी माणसे आणि संघाचे बहुतेक सभासद मुले, त्यामुळे तुलना सरळसोट करता येत नाही. तरी संघाच्या पटावर नाव असूनही संघाचे काय करायचे हे मुले ठरवत नव्हती, एवढे लक्षात ठेवायला हवे.

विसाव्या शतकात 'क्लब' या कल्पनेचीच फिरवाफिरव झाली. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये १९२७ मध्ये नाटक-सिनेमाच्या धंद्यातल्या अकरा जणांनी गप्पाटप्पांसाठी एक क्लब काढला, 'व्हरायटी क्लब'. पुढच्या वर्षी नाताळच्या आदल्या रात्री शेरिडन स्क्वेअर थिएटरमध्ये एका खुर्चीवर महिन्याभराची मुलगी सोडून दिलेली सापडली. सोबत आईची चिठ्ठी: आधीच आठ मुले, नवरा बेकार, आणि नाटकवाल्यांचे मन मोठे असते असे ऐकले आहे. क्लबाने मुलीचे पालकत्व घेतले आणि तिला तीन नावे दिली: कॅथरिन, क्लबाचे 'व्हरायटी' आणि थिएटरचे 'शेरिडन'. तिच्या निमित्ताने जमू लागलेले पैसे आणि वस्तू इतक्या झाल्या की क्लबाला त्याच कामाचा छंद लागला आणि शाखा वाढत गेल्या. सर्कशीच्या भाषेत शाखांना 'तंबू' म्हणत आणि प्रमुखाला 'चीफ बार्कर', म्हणजे तंबूच्या दाराशी उभा राहून ओरडून गिऱ्हाईक बोलावणारा. ब्रिटनमधला तंबू १९४९ मध्ये उभारला, त्याचा क्रमांक ३६. अपंग मुलांच्या शाळांना सहलीसाठी छोट्या बसगाड्या देणे हे तिथे त्याचे सर्वांत ठळक काम ठरले. 'सनशाइन कोच' नावाच्या या गाड्या १९६० च्या दशकापासून ब्रिटनच्या रस्त्यांवर दिसू लागल्या.

या गाडीने हजारो मुलांना समुद्र दाखवला. पण इथे सभासद होते नट, निर्माते आणि थिएटरमालक. मूल होते ते लाभार्थी. गाडीच्या अंगावर क्लबाचे नाव मोठ्या अक्षरांत असे, म्हणजे आत बसलेली मुले कोण हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळे. पुढे अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांनी नेमक्या याच अक्षरांवर बोट ठेवले. समुद्रावर जायचे, पण अंगाला पाटी लावून. बर्मंडसीच्या भाबड्या संघाने निदान पट मुलांच्या नावाने भरला होता.

मुलांच्या आठवणींपाशी यायला इतिहासाला उशीर झाला. संघाचे आणि शाळांचे जे कागद उरले ते अहवाल, देणगीपत्रके, मासिके, फोटो यांचे. हे सगळे देणगीदाराला वाचून दाखवायचे साहित्य, त्यामुळे त्यातले मूल नेहमी हसते. मुलांचे बोलणे नोंदले गेले ते ती म्हातारी झाल्यावर. १९९२ मध्ये स्टीव्ह हम्फ्रीज आणि पामेला गॉर्डन यांचे 'आउट ऑफ साइट' हे पुस्तक निघाले आणि त्याच्या जोडीने ब्रिटिश दूरचित्रवाणीवर मालिका आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत अपंग म्हणून वाढलेल्या माणसांच्या मुलाखतींवर ते उभे आहे. अहवालांतून निसटलेले त्यात बरेच सापडते: घरापासून तुटणे, थंडी, शिक्षा, आणि त्याबरोबरच पक्की दोस्ती, खोड्या, वडीलधाऱ्यांची फिरकी घेणे. आईबापांच्या भेटीवरचे निर्बंध हा अशा आठवणींतला फार दुखरा भाग आहे. भेटीने मुले रडतात, म्हणून भेटी कमी, असा इस्पितळांचा हिशोब होता. १९५९ मध्ये प्लॅट समितीने मुलांच्या वॉर्डात आईबापांना मोकळेपणी येऊ द्यावे अशी शिफारस केली, तोवर हा हिशोब बहुतेक ठिकाणी चालला.

अशा आठवणी जोखून घ्याव्या लागतात. साठ वर्षांपूर्वीचा चहा गोड आठवतो आणि साठ वर्षांपूर्वीचा अपमान अधिक कडू होतो. शिवाय आठवणी सांगायला उरली ती जगलेली मुले. कण्याच्या क्षयाने लहानपणीच गेलेल्यांची बाजू कोणी मांडत नाही. अहवालातले हसू आणि मुलाखतीतली चीड, दोन्ही अर्धीच साधने आहेत. दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखी येते: आपल्यासारख्या दुसऱ्या मुलांची सोबत. संस्थांनी ती सोबत आपल्या यशात मोजली. मुलांनी ती बऱ्याचदा संस्थेविरुद्धची एकजूट म्हणून सांगितली.

चेलीच्या माजी विद्यार्थ्यांत सर्वांत प्रसिद्ध झालेला गायक-गीतकार इयन ड्युरी. जन्म १९४२, वडील बस चालवत. १९४९ मध्ये, सात वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला. दीर्घकाळ इस्पितळात काढून १९५१ च्या सुमारास तो चेलीत आला. क्षयाची मुले तोवर कमी झाली होती आणि पोलिओची वाढली होती. १९४८ पासून चेली राष्ट्रीय आरोग्य सेवेत गेले होते, पण मुलांना टणक बनवायचे ही किमिन्सबाईंची शिकवण टिकून होती. पडलास तर स्वतः उठ, कपडे स्वतः घाल. ड्युरीच्या चरित्रात ही वर्षे कठोर दिसतात आणि त्याचा चिवटपणाही त्यांतूनच आलेला दिसतो. १९५० मध्ये किमिन्सबाईंना 'डेम' हा किताब मिळाला आणि १९५४ मध्ये त्या वारल्या. १९६० च्या दशकात थॅलिडोमाइड या औषधामुळे हात-पाय खुंटलेली बाळे चेलीत येऊ लागली. त्यांच्यासाठी कृत्रिम हातांचे प्रयोग झाले. जड यंत्रहात मुले नाइलाजाने घालत आणि संधी मिळताच काढून ठेवत. पायांनी आणि तोंडाने त्यांची कामे जास्त झटपट होत.

१९७२ मध्ये पॉल हंट या अपंग माणसाने 'गार्डियन' दैनिकात पत्र लिहून संस्थांत राहणाऱ्या अपंगांना स्वतःची संघटना बांधण्याचे आवाहन केले. हंट स्वतः अशाच एका निवासी संस्थेत राहिलेला होता. त्या पत्रातून जी संघटना उभी राहिली तिच्यात सूत्रे अपंगांच्याच हाती राहिली. १९८१ हे संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. सद्भावनेच्या भाषणांना ऊत आला असताना ड्युरीने 'स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस' हे गाणे काढले. सहानुभूतीच्या त्या सुरावर वैतागून केलेले हे गाणे आहे. अपंगांना हिणवायला वापरला जाणारा शब्द त्याने स्वतःच छातीठोकपणे उचलला. त्यातला आवाज वाट्याला आले त्यात सुखी मानणाऱ्याचा नाही. बीबीसीला तो आवाज झेपला नाही. संध्याकाळच्या आधी गाणे वाजवायचे नाही असे ठरले आणि व्यवहारात ते ऐकू येईनासे झाले. ड्युरी २००० मध्ये वारला. २०१२ मध्ये लंडन पॅरालिम्पिक्सच्या उद्घाटन सोहळ्यात अपंग कलाकारांनी तेच गाणे भर मैदानात, जगभरच्या प्रेक्षकांसमोर सादर केले.

चेलीची शाळा आजही चालू आहे, पण तिच्यातली मुले बदलली. हाडांचा क्षय आणि मुडदूस इंग्लंडमधून जवळपास गेले, लसीने पोलिओ गेला. आता तिथे येतात ती एकापेक्षा अधिक गंभीर अपंगत्वे असलेली मुले, ज्यांतल्या अनेकांना बोलताही येत नाही. डोळ्यांच्या हालचालीने किंवा गालाजवळच्या बटणाने यंत्राला बोलायला लावायचे तंत्र अशा मुलांसाठी आता आले आहे. सुतारकामाची शाळा म्हणून निघालेल्या या संस्थेसमोर आजचे मोठे काम हेच आहे: मुलाला काय हवे आणि काय नको, हे त्याच्या तोंडून नाही तर यंत्रातून का होईना, त्याच्याकडूनच ऐकून घेणे.